एकशे तीस मोदक आणि चार पाहुणे

हा घोळ कुठून सांगायला घेऊ, तेच कळत नाही. सगळी चूक माझी, एवढं मात्र आधीच कबूल करते.

दिवेआगरला आमच्याकडे पर्यटक राहायला येतात. त्यांच्यासाठी उकडीचे मोदक शेजारच्या सुमनकाकू करून देतात. रोज काकूंना आकडा कळवायचं काम आईने मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवलं. मला फोनवर बोलायचं म्हणजे संकट, म्हणून मी एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला. बटण दाबलं की माणशी पाच मोदक धरून चिठ्ठी तयार. पाहुण्यांचा आकडा ज्या चौकोनात होता, त्याला मी ‘पाहुणे’ असं नावच देऊन टाकलं. कोडमध्ये नुसतं ते नाव लिहायचं. किती सुटसुटीत!

शनिवारी सव्वीस जणांची सहल आली. चिठ्ठी निघाली, एकशे तीस. बरोबर. रविवारी चौघेच होते. मी खालच्या ओळीत चार लिहिलं, बटण दाबलं आणि चिठ्ठी काकूंच्या मोबाइलवर पाठवली.

लगेच फोन. “आज पन एकशे तीस? नक्की ना गो?”

मी पुन्हा बटण दाबलं. एकशे तीस. तिसऱ्यांदा दाबलं. तेच. तीनदा तेच उत्तर येतंय म्हटल्यावर चूक कशी असेल, तुम्हीच सांगा.

“नक्की,” मी म्हणाले.

काकू आणि त्यांची सून सकाळभर नारळ खवत बसल्या. दुपारी तीन मोठे डबे घेऊन दोघी दारात हजर. ओटीवर चार पाहुणे. काकूंनी वाकून आत पाहिलं.

“बाकीची मानसं कुठं हायत? दर्यावर?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे धावले. कोडमध्ये एकही चूक नव्हती! ‘पाहुणे’ हे नाव शनिवारच्या चौकोनालाच चिकटून बसलं होतं. आजचे चार खालच्या ओळीत, आणि मॅक्रो बिचारा इमानदारीत वरचे सव्वीस वाचत होता.

हे मी काकूंना कागदावर चौकोन काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सकाळी ह्या पावन्यांना चा कोनी दिला?”

“मी.”

“किती कप?”

“चार.”

मग गरम मोदकांचे डबे घेऊन मी सगळी आळी फिरले, आणि प्रत्येक घरी हे चौकोनाचं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं.

मॅक्रो मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. आता अगदी अचूक चालतो. पण काकू माझी चिठ्ठी उघडतसुद्धा नाहीत. सकाळी आमच्या मोरीपाशी येतात, विसळायला ठेवलेले कप मोजतात आणि जातात.