फाटकाबाहेरच्या आत्याबाई

आत्याबाई प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न विचारत, "मे महिन्यात याल का?" कोणी खाऊ घेऊन येवो की मुलाचा वाढदिवस साजरा करायला, चहाचा कप हातात देण्याआधी हा प्रश्न ठरलेला. नागपूरच्या मे महिन्याचं नाव काढलं की माणसं हसून विषय बदलत. आत्याबाई हसत नसत. "थंडीत सारेच येतेत," त्या मला म्हणत. "संत्री खातेत, फोटो काढतेत, चालले. कूलरमधे पाणी टाकाले कोनी येत नाही."

महालातल्या एका अरुंद गल्लीत आमचं बालसदन आहे. मी तिथला कारकून. बावीस मुलांच्या आंघोळी, उवा, गोवर, भांडणं सगळं आत्याबाईंकडे. बाई ठेंगणी, पदर कायम खोचलेला आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या तापावरसुद्धा चिडत. फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवताना तापालाच दरडावत, "काहून गा, तुले हेच लेकरू सापडलं?" मला हसू यायचं. आता येत नाही.

त्यांचा एक नियम होता. मुलांनी पाहुण्या बाईला मावशी म्हणावं, काकू म्हणावं, पण आई कुणालाच नाही. स्वतःलाही त्यांनी आत्याच म्हणवून घेतलं. "आई म्हटलं का लेकरू आशा धरते," त्या म्हणत. "आत्यापाशी कोनी हट्ट करत नाही. आत्या आज आहे, उद्या सासरी."

हा नियम मी मोडला.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात युरोपातून एक कुटुंब सेवा करायला आलं. नवराबायको आणि त्यांची दोन शाळकरी मुलं. मुक्काम तीन आठवडे. आमच्या सचिवसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "स्वागताला पोरांनी त्या बाईंना मम्मी म्हणायला पाहिजे. त्यांना बरं वाटेल." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरत नाही. दुपारभर मी पोरांकडून घोकून घेतलं, या मम्मी, हे डॅडी.

माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. बापानं मोडका झोपाळा दुरुस्त केला, भिंतींवर हत्ती आणि फुलपाखरं रंगवली. बाई गुड्डीला मांडीवर घेऊन बसायची. गुड्डी तेव्हा पाच वर्षांची होती. सदनात आल्यापासून ती फक्त आत्याबाईंच्या कानात बोलायची. दुसऱ्या आठवड्यात ती अंगणभर "मम्मी, मम्मी" करत धावायला लागली. सचिवसाहेब खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू? आत्याबाई तेवढ्या धुसफुसत होत्या. "कोनं शिकवलं हे?" त्यांनी विचारलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

निघायच्या दिवशी हार झाले, बाईंची ओटी भरून झाली आणि गुड्डी कुठे सापडेना. ती गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती. चपला उलट्या घातलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन फ्रॉक आणि कंगवा. बाईंना ते फार गोड वाटलं. त्यांनी डोळे पुसत मोबाइल काढला आणि फोटो घेतला. फोटो! अजूनही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत्याबाईंनी गुड्डीला उचलून बाहेर काढलं. पोरगी दरवाजाला धरून किंचाळत होती. तिला कडेवर घेऊन त्या माझ्याकडे वळल्या. "तुले इंग्रजी येते ना, बाबू? मी बोलतो तसं सांग तिले. लेकरू तीन हप्त्याचं नसते म्हणा. न्याचं नव्हतं, तर मम्मी काहून म्हणू देल्लं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्या बाईंना इंग्रजीत म्हणालो, "या बाई तुमचे आभार मानतायत. प्रवास सुखाचा होवो म्हणतायत."

त्या बाईंनी आत्याबाईंना कडकडून मिठी मारली. माझ्या आयुष्यात मी एवढी लाजिरवाणी मिठी पाहिलेली नाही.

सचिवसाहेबांना मात्र मराठी येत होती. आठवड्याच्या आत आत्याबाईंना काढलं. कारण काय, तर पाहुण्यांशी असभ्य वर्तन. एकोणीस वर्षं राबलेल्या बाईला चार ओळींचं पत्र, आणि ते टाइप मीच केलं. त्यात एकही चूक सापडणार नाही. मी शुद्धलेखनाचा फार पक्का आहे.

जाताना त्यांनी गुड्डीला समोर बसवलं. तिच्याशी त्या कधीच लाडेलाडे बोलत नसत. "मले इथून काढलं. आता मी इथं राहणार नाही. पण दर बुधवारी बाजार असते, मी बाजाराले येईन. फाटकापाशी उभी राहीन. आत येऊ देणार नाहीत, तर रडाचं नाही."

आणि त्या आल्या. दर बुधवारी कन्हानच्या आपल्या घरून बस धरून आल्या. त्यांना आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. फाटकाची किल्ली माझ्या खिशात. गजातून हात घालून त्या गुड्डीची वेणी घालत, शाळेतलं विचारत, न खाल्लेल्या भाजीवरून रागे भरत. मे महिन्यात डांबर वितळायला लागलं तरी डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून उभ्या. मी आतून पाण्याचा गडू नेऊन द्यायचो आणि स्वतःला भला माणूस समजायचो.

परवाच्या बुधवारी सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला. दोन दिवसांच्या तापात आत्याबाई गेल्या. मी फोन ठेवला. समोर फाटकापाशी गुड्डी कंगवा घेऊन उभी होती. तिच्याजवळ जाईपर्यंत माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, की आज बस चुकली असेल, पुढच्या बुधवारी येतील.

मी खाली बसलो. "गुड्डी, आत्याबाई वारल्या. आता त्या येणार नाहीत."

तिनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मले तिच्या घरी घेऊन चला. तिनं तर कधी चुकवलं नाही."

मी फाटक उघडलं. ते उघडायला किती कमी जोर लागतो हे मला त्या दिवशी कळलं. गुड्डीला स्कूटरवर बसवून कन्हानला गेलो. त्यांना उचलण्याआधी तिनं आत्याबाईंचे केस हातानं सारखे केले आणि मगच ती रडली.

विनापरवानगी मुलीला बाहेर नेल्याबद्दल सचिवसाहेबांनी माझा लेखी खुलासा मागितला आहे. तो मी आज दिला. मम्मी म्हणायला कोणाच्या सांगण्यावरून कोणी शिकवलं, ते लिहिलं. गाडीपाशी आत्याबाई जे बोलल्या, तेही त्यांच्याच शब्दांत लिहिलं. मग त्याचं खरं इंग्रजी भाषांतर केलं आणि फायलीतून पत्ता काढून त्या कुटुंबाला पाठवून दिलं. नोकरी जायची तर जाऊ दे. पत्राच्या शेवटी आत्याबाईंच्या वतीनं एवढंच विचारलं आहे, मे महिन्यात याल का?