बूट काढून जा रे

सर गेल्याचं मला किसननं सांगितलं. सकाळी दाराशी सायकल तशीच टाकून तो आत आला. "भाऊ, सर गेले... रात्री छातीत कळ आली म्हने." आणि लगेच मान खाली घालून, "मले दुपारची पाळी हाये." मला संताप आला, किसनचा नाही, त्या पाळीचा. माधव गजभिये सरांचं आयुष्य तिनंच कुरतडलं होतं.

सर नागपूरच्या कॉलेजात फुटबॉल खेळले. कॉलेजच्या टीमचा शर्ट अंगात घालणारे त्यांच्या वस्तीतले पहिलेच. भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा ते आमच्या नव्या कॉलेजात खेळाचे मास्तर म्हणून आले. मरोद्याच्या मुरमाड माळावर चुना टाकून मैदान आखलं. संध्याकाळी मैदान मोठ्या टीमांना. आमच्या वाट्याला दुपारचं ऊन. कॉलेज सकाळचं, म्हणून निम्मी पोरं दुपारी ठेकेदारांकडे कामाला. सामना रंगात आला की कारखान्यात पाळीचा भोंगा वाजायचा. पोरं सायकलीकडे पळायची आणि सर ओरडायचे, "बूट काढून जा रे!" बूट मोजकेच, जागी येणाऱ्याला लागायचे. गोलकीपर किसनच्या पायात तर सरांचे स्वतःचे, नागपूरचे बूट.

माझा बाप मला कामाला लावायला निघाला, तेव्हा सर रुआबांध्याला आमच्या घरी आले. "बाबाजी, पोराले बी.ए. होऊ द्या. लोखंड कुठी पळून नाही चाललं." आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी आहे. हे मी छाती काढून सांगतो.

सरांचं मागणं मोठं नव्हतं. एक सामना... अकराच्या अकरा पोरं शेवटपर्यंत. फायनलच्या दिवशी किसनसाठी तासाभराची सुट्टी मागायला ते मुकादमाकडे गेले. तो हसला, "मास्टरजी, गेंद के लिए काम रोकूँ?" आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि भोंगा झाला. किसन रडत बूट काढून गेला. फायनलला बदली खेळाडू चालत नव्हता. गोलात मी उभा राहिलो. डावीकडून पळणारा माणूस, दोन गोल खाल्ले. सर म्हणाले, "हारलो नाही रे, ड्यूटीवर गेलो." सगळे हसले. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

अंत्ययात्रेत किसनचा खांदा पुढे होता. अर्ध्या वाटेत भोंगा वाजला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "जा," म्हणालो आणि त्याच्या जागी शिरलो. तिथंही सरांची टीम पुरी राहिली नाही.

सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, नंतर ते नागपूरचे बूट माझ्या हातात दिले. "किसनच्याच पायाचे झाले आता." टीम आता मी बघतो, कॉलेज सुटलं तरी किसन येतो. काल आम्ही पुढे होतो... भोंगा झाला. मला मुकादमाला, भोंग्याला, साऱ्या भिलाईला शिव्या द्यायच्या होत्या. तोंडातून निघालं, "बूट काढून जा रे!"

किसननं ते गोलाच्या खांबाशी ठेवले. मी पाय घातले. आतून अजून गरम होते.