मास्तरांचा ओला खोका

जपानी मास्तर हात खाजवत नाहीत, असं आम्ही कधी पाहिलं नाही. माणूस येडगावचाच, शाळेत चित्रकला शिकवणारा. तरुणपणी जुन्नरची लेणी बघायला आलेला एक जपानी भिक्खू त्यांच्या घरी चार महिने राहिला आणि फुटकी चिनीमाती सांधायला शिकवून गेला. सांधायला लागायचा तिकडच्या एका झाडाचा चीक. तो अंगाला लागला की पुरळ उठायचं. भिक्खू पोस्टाने चिकाच्या नळ्या पाठवायचा आणि मास्तर खाजवत खाजवत पंचक्रोशीच्या बरण्या जोडायचे.

फुटकं घरात ठेवायचं नाही म्हणून बायका बरण्या उकिरड्यावर टाकत. मास्तर तिथून उचलून आणत आणि सांध्यावर सोनेरी भुकटीची रेघ ओढून परत देत. सांधा झाकून द्या, असं कुणी म्हटलं तर विचारायचे, "फुटली व्हती, त्यात लाजायचं काय?" घाई त्यांना ठाऊकच नव्हती. चीक दमट हवेतच वाळतो, म्हणून ओलं गोणपाट लावलेल्या खोक्यात भांडं महिना-महिना ठेवायचे. ओल्यात काही वाळतं, हे आमच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

आई अंथरुणाला खिळली त्या उन्हाळ्यात माझ्या हातून तिचा कप फुटला. वडिलांनी लग्नानंतर आणलेला. दुसऱ्या कशातून ती चहाच घेईना. भिक्खू वारल्याचं पत्र येऊन गेलं होतं. गावात एसटीडी बूथ झाला होता, पण जपानला फोन करून चीक मागायचा कुणाकडे? मास्तरांनी शेवटची नळी त्या कपावर पिळली, खोका आमच्याच घरी ठेवला आणि चाळीस दिवस हात लावू नका म्हणाले.

आईचे चाळीस दिवस उरले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी कप काढून पत्र्यावर, कुरडयांच्या शेजारी, कडक उन्हात वाळत घातला.

संध्याकाळी त्याचे दोन तुकडे माझ्या हातात आले. "चीक मेला, भाऊ," मास्तर एवढंच म्हणाले. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. उलट ते रोज येऊन आईला सांगू लागले, कप वाळतोय.

मग आईने पाणीही नाकारलं. मास्तरांनी मला चहा टाकायला लावला, दोन्ही तुकडे ओंजळीत घट्ट दाबून धरले आणि ओत म्हणाले. चहा त्यांच्या पुरळ उठलेल्या बोटांमधून मनगटावर आणि गोधडीवर गळत होता. आई दोन घोट प्याली. मग त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"सोडा आता, मास्तर," ती म्हणाली. "भाजतंय तुमाला."

मास्तरांना हात सोडवेनात.