सगळ्यात वाईट पान

आमच्या प्रयोगशाळेत केळीच्या पानांवरचे रोग ओळखणारे साहेब आहेत. सगळे त्यांना 'भिंगसाहेब' म्हणतात. भिंग कायम गळ्यात. जेवताना तेही डब्यात डोकावतं. पान हातात आलं की साहेब आधी ते उलटं करतात. "काळा करपा मागच्या दाराने येतो," असं त्यांचं म्हणणं. पानाच्या पाठीवर बारीक तपकिरी रेघा दिसल्या की निदान झालं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

एकदा त्यांच्या थोरल्या बहिणीने स्वतःच्या बागेतलं पान पाठवलं. आई लवकर गेली, साहेबांना ताईनेच वाढवलं. पान ओल्या फडक्याने पुसून कागदात नीट गुंडाळलेलं होतं. साहेबांनी उलटसुलट पाहिलं, रेघ कुठेच नव्हती. "फवारणी नको," त्यांनी फोनवर सांगून टाकलं. हा रोग आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. म्हणून पान वरून कितवं, हे येईल त्याला खडसावून विचारणारा माणूस बहिणीला मात्र विचारायला विसरला.

महिन्याभराने ताईचा घाबऱ्या आवाजात फोन आला. मी साहेबांची मदतनीस; आम्ही दोघं लगेच निघालो. बागेत खालची पानं काळी पडून लोंबत होती आणि घड न भरताच पिवळे पडत होते. भिंगाची गरजच नव्हती.

"ताई, तेव्हा हे नव्हतं?"

"खालच्या पानांवर होतं थोडं."

"मग तेच का नाही पाठवलंस?"

"तू ऑफिसात चारचौघांसमोर उघडणार. डागाळलेलं कसं पाठवू रे? सगळ्या बागेतलं चांगलं बघून पाठवलं."

मला हसू फुटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. साहेब ताईशेजारी बांधावर बसले. "तुझं नाही चुकलं. विचारायचं काम माझं होतं," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात निम्मी बाग तोडावी लागली.

आता आमच्या दारावर पाटी आहे: 'सगळ्यात वाईट पान आणा.' लोक वाचून हसतात. साहेब रोज दुपारी ताईला फोन करतात. परवा मी शेजारीच बसले होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"इकडे सगळं छान आहे," ताई म्हणाली.

"छान नको, ताई. सगळ्यात वाईट काय ते सांग."



"बाग तोडल्यापासून घास उतरत नाही रे," ती म्हणाली.

साहेबांनी गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे रजेच्या अर्जासाठी कागद मागितला.