टेकाडावरची हवा

आमच्या थोरल्या बंधूंचा आणे पठारावरचा कांदा पोसायला लागला आणि नेमकं तेव्हाच पाइपलाइनीने पाणी देणं जवळजवळ थांबवलं. खाली विहिरीवर मोटर पूर्ण जोरात चालायची. वर शेतात पाइपाचं तोंड खोकायचं, फस्सकन हवा सोडायचं, चूळभर पाणी थुंकायचं आणि पुन्हा गप्प. पाण्याचं आणखी एक भरणं मिळालं नाही, तर कांदा गोटीएवढाच राहणार होता.

मोटर खोलून झाली. पाइपाला नारळ फोडून झाला. दोन्हींचा परिणाम सारखाच झाला.

बंधूंची मुलगी पुण्यात याच विषयात शिकते: पाइपातून पाणी आणि हवा एकत्र जातात तेव्हा काय होतं. ती सुट्टीला आली, तिने विहिरीपासून मधल्या टेकाडावरून शेतापर्यंतचे पाइपाचे चढउतार मोजले आणि ओसरीवर लॅपटॉप उघडला.

"पप्पा, टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह चालू आहे ना? पाइपातली हवा सोडतोय ना?"

"लई भारी चालू हाय."

तिने तसं भरलं. संगणकाने सांगितलं की शेताला भरपूर पाणी मिळतंय. घरच्यांनी ते पाणी पडद्यावर समाधानाने पाहिलं.

मग तिने फक्त व्हॉल्व्ह काढून टाकला. आता चित्रात हवा टेकाडाच्या माथ्यावर ठाण मांडून बसली, पाणी तिच्याखालून अंग चोरून सरकू लागलं, मधूनच एखादा घोट पलीकडे ढकलू लागलं. शेतात चाललं होतं ते हुबेहूब हेच.

"पप्पा, व्हॉल्व्ह कुठंय?"

"काढलाय. बूच मारलंय."

"का?"

"बंद व्हताना पानी थुंकायचा त्यो. अन् थुंकायचा कुठं, तर भाऊबंदाच्या लसूणघासात! त्याचा घास फुकटात हिरवा?"

पाइपात हवा किती, पाणी किती, घर्षण किती, हे सगळं त्या गणितात बसत होतं. भाऊबंदकीला मात्र जागा ठेवलेली नव्हती. हा शास्त्राचा दोष मानावा लागेल.

हा भाऊबंद म्हणजे आमचा चुलत भाऊ; टेकाड त्याच्या वाटणीचं. व्हॉल्व्ह पुन्हा बसवायचा तर त्याला विचारणं आलं. बंधू गेले, सोबत साक्षीदार म्हणून मी.

"या पावणं," चुलत भाऊ सख्ख्या चुलत्याच्या मुलाला म्हणाला. "बसवा की. मी कवा नको म्हनलो? घास पार वाळलाय राव, तुमच्या किरपेनं."

बूच काढल्यावर हवा निघाली ती अध्यक्षीय भाषणाइतकी लांबली. मग व्हॉल्व्ह बसवला, मोटर सुरू केली. बंधू टेकाडावरच थांबले, मी कांद्यात उभा होतो. पाइप एकदा खोकला आणि तोंड भरून वाहू लागला. मी फोन लावला.

"पाणी आलं."

"हितं घास भिजतोय," बंधू म्हणाले.

"कांदा पण भिजतोय."

"त्ये ऱ्हाऊ दे. घास लई भिजतोय."

वाफ्यावाफ्यातून पाणी फिरवत अख्ख्या कांद्याची दारं त्या दिवशी मीच धरली. बंधू संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्हपाशी बसून होते.