तोडीआधीचे तीन ठोके

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आमचं जंगल म्हणजे नुसते चौकोन. किती साग तोडायचा, किती पाखरा-जनावरांसाठी राखायचा, याचा मेळ तोच घालतो. एक कळ दाबली की एक वर्ष सरतं. काल दुपारी मी बसल्या बसल्या चाळीस वर्षं पुढे सरकवली. तोडलेले चौकोन पिवळे पडले, पुन्हा हिरवे झाले. ढोलीतला एक पिंगळा गुमान शेजारच्या चौकोनात गेला. कुठेही आवाज झाला नाही.

त्या शांततेनंच मी दचकलो. त्याच सकाळी मी त्या सागांत उभा होतो. आमचा जुना लाकूडतोड्या दसरू पहिल्या घावाआधी कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं खोडावर तीन ठोके देतो आणि थांबतो.

"आत कोणी राहत असन साहेब," तो म्हणाला होता, "त्याले आधी सांगा लागते."

इथे तर चाळीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. मग ते सगळे अजून आतच असतील?

माझं बोट कळेवर थबकलं. नकळत मी टेबलावर तीनदा ठोकलं आणि दसरूसारखा थांबलो. टेबल जुनं आहे, सागवानी.

खालच्या खणात काहीतरी हललं.