आप्पांचा तळहात आणि चांदणीचा पाय

आधीच सांगतो, असल्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी. बेळगावात एका फाउंड्रीत माल तपासायच्या, क्वालिटीच्या कामाला आहे. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं मानून पगार घेणारा माणूस. तरी लिहितोय... कारण आता पोटात राहीना.

निपाणीपासून जरा आत आमचं गाव. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर शर्यतीची घोडी सांभाळली. त्यांचं नाव होतं ते हातासाठी. घोडं लंगडायच्या दोन दिवस आधी ते पायाच्या नळीवरून तळहात फिरवून सांगायचे - इथं ऊब आहे, पळवू नका. पार चिकोडीकडून लोक घोडी घेऊन आमच्या दारात यायचे.

दोन वर्षांपूर्वी चिकोडीच्या पलीकडं एका गावच्या जत्रेत घोडागाडीची शर्यत होती. आप्पांचे गुडघे गेलेले, म्हणून पहिल्यांदाच गाडी मी हाकणार होतो. आदल्या संध्याकाळी आप्पांनी चांदणीचे, आमच्या घोडीचे, चारी पाय स्वतः चाचपले. गार होते. मग मी आणि गड्यानं तिला टेम्पोत चढवली, आप्पा घरीच राहिले.

सकाळी साडेसातला तिला खरारा करताना पुढच्या डाव्या पायावर माझा हात थांबला. गरम. उजवा बघितला, तो गार. जवळ कोणी नव्हतं, सोबतचा गडी चहाला गेला होता. कंपनीतले चार मित्र खास माझी शर्यत बघायला येणार होते, माईकवर नाव पुकारून झालं होतं... मी पायाला ओलं फडकं बांधलं आणि वरून शोभेची लाल पट्टी गुंडाळली, म्हणजे कुणाला शंका नको. लाज वाटते लिहिताना, पण असंच केलं.

पट्टीची गाठ मारतोय तोवर फोन. थोरली बहीण, आक्का. म्हणाली, आप्पा कट्ट्यावर चहा पीत बसले होते, एकदम कप खाली ठेवला आणि उजव्या तळहाताला चटका बसतोय म्हणाले.

"चांदणीच्या पुढच्या डाव्या पायाला हात लावून बघ म्हणत्यात. पळवू नको म्हणत्यात रं."

तिथून घर तीस-पस्तीस किलोमीटर. पायाचं मी कुणालाही बोललो नव्हतो. हात अजून ओला होता.

"बघितलाय गं आक्का," मी म्हणालो. "गार हाय. सांग त्यांना."

चांदणी पळाली. अर्ध्या वाटेत तिची मान प्रत्येक टापेला खाली जायला लागली, तरी मी लगाम ओढेपर्यंत ती बिचारी थांबली नाही. थांबली, तेव्हा पाय जमिनीला टेकवेना. डॉक्टर म्हणाले, पायामागची शीर, म्हणजे टेंडन, तुटली आहे, आता शर्यत विसरा. सकाळीच थांबवली असती तर काही महिन्यांच्या विश्रांतीवर निभावलं असतं.

घरी आल्यावर आप्पा शिव्या घालतील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला जवळ बसवलं.

"खरं सांग. सकाळी पाय गार व्हता?"

"व्हय आप्पा. पळतानाच लागलं."

ते कितीतरी वेळ आपला तळहात बघत राहिले.

"मग माझा हातच फसला म्हणायचा," म्हणाले.

त्या दिवसापासून आप्पांनी कुठल्याच घोड्याच्या पायाला हात लावला नाही. लोक अजून येतात. आप्पा म्हणतात, मला आता कळत न्हाय बाबा, डॉक्टरला दाखव.

इतक्या लांबून त्यांना ती ऊब कशी लागली, नेमका पाय कसा कळला - मी खूप डोकं चालवलं. योगायोग म्हणून बघितलं. पटलं नाही. पण हात फसला नव्हता, हे एकट्या मला ठाऊक आहे. दर रविवारी सांगायचंच असं ठरवून गावी जातो. आप्पांच्या शेजारी बसून जेवतो आणि संध्याकाळच्या बसनं बेळगावला परत येतो.